डोळ्यांत तेल घालून

रायबंदरच्या बांधावर बस आली की मांडवीवरचा वारा खिडकीतून थेट तोंडावर येतो. दिवसभर प्रुफं वाचून पणजीहून माशेलला घरी परतताना तो वारा लागला की माझ्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागायच्या. एकदा शेजारी बसलेल्या भाजीवालीनं रिकामी पाटी पायांत सरकवली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “रडटा कित्याक गो बाय?”

मी म्हटलं, रडत नाही मावशी, डोळे कोरडे पडलेत.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढे बोलायची सोय राहिली नाही. गालांवरून पाणी ओघळतंय आणि ही म्हणते कोरडे! तिला काय दोष द्यायचा? डॉक्टरांनी मला हेच पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मीही त्यांच्याकडे तसंच पाहिलं होतं.

अठरा जून रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या छापखान्यात मी अक्षरजुळणी करते, आणि माणसं कमी म्हणून प्रुफंही मीच वाचते. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, कुणाच्या एकसष्टीची स्मरणिका, देवस्थानांच्या कार्यक्रमपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं. तेवीस वर्षं झाली. “डोळ्यांत तेल घालून वाच हां” हे आमच्या मालकांचं पालुपद. त्यांचंही बरोबर आहे. देवस्थानच्या पत्रिकेत एखाद्या महाजनाच्या नावातला काना सुटला तर दुसऱ्या दिवशी निम्मा गाव छापखान्यात उभा असतो.

त्रास सुरू झाला डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे जत्रांच्या ऐन हंगामात. आधी फक्त संध्याकाळी डोळ्यांत रेती गेल्यासारखं खुपायचं. मग दुपारपासून. मग एक विचित्र गोष्ट लक्षात आली. वाचता वाचता ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या एकमेकींत मिसळायच्या आणि पापणी एकदा मिटून उघडली की अक्षर पुन्हा लख्ख. दोन ओळी झाल्या की परत धूसर. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. नवा चष्मा केला. पैसे गेले, वेलांट्या तशाच. पुढे तर सकाळी उठल्यावर वरची पापणी बुबुळाला चिकटल्यासारखी वाटायची. अंथरुणात पडल्या पडल्या आधी डोळा मिटूनच इकडेतिकडे फिरवायचा आणि मग हळूच उघडायचा, अशी सवय लागली. घाईत उघडला तर ओरखडा उठल्यासारखी कळ.

आता गोव्यात कोरडं काय पडणार? पावसाळ्यात आमच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, पापड तळायच्या आधीच मऊ. कोरडे डोळे हा राजस्थानातल्या लोकांचा आजार असावा, अशी माझी समजूत होती. त्यामुळे पहिले दोन महिने मी लाल डोळ्यांवर उपाय करत बसले. फार्मसीवाल्यानं दिलेले लाली घालवायचे थेंब घातले की दहा मिनिटांत डोळे पांढरेशुभ्र. काय आनंद! तीन-चार तासांनी पहिल्यापेक्षा जास्त लाल. मग पुन्हा थेंब. ते थेंब डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आवळतात, त्यांचा असर उतरला की त्या आणखी फुगतात, आणि कोरडेपणाशी त्यांचं काही देणंघेणं नसतं, हे मला पुढे कळलं.

मग पणजीतल्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चार मिनिटांत तपासलं. कॉम्प्युटर फार बघता, डोळे कोरडे झालेत, हे थेंब घाला, दिवसातून चार वेळा. पाणी येतंय ते? “ते कोरडेपणामुळेच येतं.” संपलं. बाहेर पंचवीस माणसं थांबली होती. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण अर्धंच. मला कुणीतरी आणखी दोन मिनिटं दिली असती तर माझं एक वर्ष वाचलं असतं, हा राग अजून आहे.

थेंबांनी बरं वाटायचं, वीस मिनिटं. चाराचे सहा झाले, सहाचे दहा. संगणकाशेजारी एक बाटली, पर्समध्ये एक, उशाशी एक. गंमत म्हणजे जितके जास्त घालावे तितके डोळे जास्त झोंबायचे. मी ब्रँड बदलत गेले.

घरात एव्हाना ज्याला त्याला माझ्या डोळ्यांची काळजी पडली होती. जावेनं गुलाबपाणी आणून दिलं. घातल्याबरोबर जो जाळ झाला, तो नळाखाली तोंड धरून शांत करावा लागला. डिचोलीच्या माहेरून आईचा फोन, “मध घाल एक थेंब.” नाही घातला. सासूबाई रात्री पापण्यांना एरंडेल लावायच्या. ते मी चार दिवस करून पाहिलं. सकाळी उशीचा अभ्रा तेवढा चिकट व्हायचा. त्रिफळा रात्री भिजवून, सकाळी गाळून त्या पाण्यानं डोळे धुवायचे, हा शेजारणीचा उपाय. तो मी पंधरा दिवस नेमानं केला आणि त्यातला एक बारीक कण डोळ्यात जाऊन मोकळी झाले. काकडीच्या चकत्या मात्र मला आवडल्या. त्यांनी बरं काही होत नाही, पण मे महिन्याच्या दुपारी डोळ्यांवर थंड काही ठेवून दहा मिनिटं कुणी हाक मारत नाही, हे काय कमी?

फोंड्याच्या वैद्यांचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे माझं पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं गेलं. त्यांनी मला सुश्रुतसंहितेतला शुष्काक्षिपाक समजावला. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग मोजलेत, त्यांतला हा एक. पापण्या राठ आणि कठीण होतात, नजर गढूळ होते आणि डोळा उघडताना फार त्रास होतो. उघडताना! मी खुर्चीत सरळच झाले. माझी रोजची सकाळ इतक्या जुन्या ग्रंथात लिहून ठेवलेली होती.

त्यांनी नेत्रतर्पण केलं. आडवं झोपवून डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची भिंत लावतात, वड्याला मध्ये भोक असतं ना, तशी. मग मिटलेल्या डोळ्यावर कोमट औषधी तूप ओततात, ते पापण्यांच्या वर येईपर्यंत. मग सावकाश डोळा उघडायचा आणि मिटायचा. तुपाच्या तळ्यातून वरचा पंखा पिवळा, वितळल्यासारखा दिसतो. पहिल्यांदा भीती वाटते, मग झोप येते. नंतर दोन-तीन तास सगळं धुरकट, उजेड सोसवत नाही, म्हणून नवऱ्याला स्कूटर घेऊन बोलवावं लागायचं. पाच बैठका झाल्या. नंतरचा आठवडाभर मला खरोखर बरं वाटलं, सकाळची कळसुद्धा गेली. मग हळूहळू सगळं परत आलं. दर महिन्याला पाच दिवस दुपारची रजा काढणं मला जमणारं नव्हतं, तेव्हा ते तिथेच राहिलं. पण तुपानं बरं का वाटलं आणि पाण्यासारख्या थेंबांनी का नाही, हा प्रश्न मी तेव्हाच स्वतःला विचारायला हवा होता.

तो विचारला म्हापशाच्या एका डॉक्टरबाईंनी, डिसेंबर २०२३ मध्ये. तिथे मी जाऊबाईंच्या मोतीबिंदूसाठी सोबत गेले होते. त्यांनी पेशंटऐवजी माझ्याकडेच पाहिलं आणि म्हणाल्या, तुमचं काय? पुढच्या आठवड्यात या, आणि घरात डोळ्यांच्या जेवढ्या बाटल्या असतील तेवढ्या पिशवीत घालून आणा.

सात निघाल्या. त्यांनी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि मला म्हणाल्या, “तुम्ही प्रुफरीडर ना? वाचा.” मी वाचायला लागले आणि कानांपर्यंत लाल झाले. तीन बाटल्यांवर नावं वेगवेगळी, आतलं औषध एकच, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. मी ब्रँड बदलून तेच घालत होते. एक ती लालीवाली. एक जाऊबाईंच्या पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर उरलेली. त्यात स्टिरॉइड होतं. “हे मनानं घालत राहिलात तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो,” असं म्हणून त्यांनी ती बाटली सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. आणि जवळजवळ सगळ्यांवर, अगदी बारीक अक्षरांत, बेन्झाल्कोनियम क्लोराइड. हे बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. दिवसातून तीन-चारदा घातलं तर बहुतेकांना चालतं. दहादा घातलं तर डोळ्याचा वरचा थर त्यानंच दुखावतो. म्हणजे झोंबणं कमी व्हावं म्हणून मी जे घालत होते त्यानंच झोंबत होतं. लग्नपत्रिकेतला सुटलेला अनुस्वार मला दोन फुटांवरून दिसतो, आणि वर्षभर हातात धरलेली बाटली मी वाचली नव्हती.

मग तपासण्या झाल्या. पहिली शर्मरची. टीपकागदाची पाच मिलिमीटर रुंद पट्टी, तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत बाहेरच्या कडेला अडकवतात आणि पाच मिनिटं तसंच बसायचं. पट्टी किती भिजली ते मोजायचं. पाच मिलिमीटरच्या आत असेल तर पाणी फार कमी, दहाच्या वर असेल तर पुरेसं. माझी उजवीकडे १७, डावीकडे १४. मी म्हटलं, म्हणजे डोळे कोरडे नाहीतच! त्या म्हणाल्या, थांबा.

दुसऱ्या तपासणीत डोळ्याला पिवळा रंग लावून निळा उजेड पाडतात. अश्रूंचा थर हिरवा चमकतो. पापणी न मिटता बघत राहायचं आणि त्या हिरव्या थरात पहिलं काळं भोक कधी पडतं ते सेकंदांत मोजायचं. दहा सेकंद टिकला तर ठीक. माझा चार सेकंदांत फाटत होता. चार सेकंद म्हणजे हँडबिलाची एक ओळ.

तिसरी गोष्ट तपासणी म्हणायची की शिक्षा, ठरवता येत नाही. त्यांनी खालच्या पापणीची कड दोन बोटांत धरून दाबली. दुखलं. “आरशात बघा.” कडेवरच्या बारीक छिद्रांतून पांढरट, घट्ट काहीतरी येत होतं, टूथपेस्टसारखं. “हे तेल आहे. खरं तर स्वच्छ, पातळ यायला हवं.”

आपल्या पापण्यांच्या आत तेलाच्या ग्रंथी असतात, वरच्या पापणीत साधारण पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत वीस-तीस. आपण पापणी मिटतो तेव्हा त्या दाबल्या जाऊन तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा अश्रूंवर पसरतो आणि त्यामुळे खालचं पाणी उडून जात नाही. या ग्रंथींचं नाव डॉक्टरबाईंनी सांगितलं ‘मायबोमियन’, आणि मी ऐकलं ‘मायबोली’. म्हटलं, डोळ्यांतही तोच वाद! गोव्यात मायबोली कुठली, कोकणी की मराठी, यावर दोन माणसं एका बाकावर शांत बसू शकत नाहीत. तर ते नाव हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याचं, त्यानं १६६६ मध्ये या ग्रंथींचं वर्णन केलं होतं.

माझ्या ग्रंथींतलं तेल घट्ट होऊन तोंडाशी बसलं होतं. पाणी तयार होत होतं, पण वर झाकण नाही, म्हणून उडून जात होतं. मग पृष्ठभाग कोरडा पडला, टोचलं की डोळा घाबरून एकदम धो धो पाणी सोडणार; त्या पाण्यात तेल नाही, तेव्हा तेही गालावरून बाहेर. बांधावरच्या धारा त्या ह्याच.

“तुमच्याकडे थंडीत खोबरेलाची बाटली थिजते ना?” त्यांनी विचारलं. “मग काय करता?”

उन्हात ठेवतो.

“तेच करायचंय.”

तेवीस वर्षं मालक म्हणत होते, डोळ्यांत तेल घाल, डोळ्यांत तेल घाल. आणि मी वर्षभर पाणी घालत होते.

हे का झालं, याची त्यांनी उलटतपासणीच घेतली. वय? एकोणपन्नास. पाळी? दीड वर्षापासून अनियमित. त्या वयात संप्रेरकं बदलतात आणि या ग्रंथींवर त्याचा परिणाम होतो, हे मला एकाही बाईनं सांगितलं नव्हतं. गुडघे, घाम, चिडचिड हे सगळ्याजणी सांगतात. डोळे कुणी सांगत नाही. तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का, बिस्किट पाण्याशिवाय गिळता येतं का? हे त्यांनी शोग्रेन नावाच्या आजारासाठी विचारलं, ज्यात शरीर स्वतःच्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटतं. रक्ततपासणी केली, ती नीट आली. दुसऱ्या काही गोळ्या? मी म्हटलं, नाही. मग दाराशी पोचल्यावर आठवलं आणि परत वळले. छापखान्यातल्या कागदाच्या धुळीनं शिंका येतात म्हणून रात्री सेटिरिझिन घेते, सहा-सात वर्षं. तिला मी औषधात धरतच नव्हते. वाहतं नाक सुकवणारी गोळी डोळेही सुकवू शकते.

आणि झोपेत डोळे अर्धवट उघडे राहतात का? मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, “राहतात. लग्नाच्या पहिल्या महिन्यात मी घाबरलो होतो.” बावीस वर्षं हा माणूस गप्प होता! वरून पंखा, खाली उघड्या फटीतून वाळणारा डोळा. ओरखडा कुठून येत होता ते कळलं.

औषधं फार थोडी मिळाली. बेन्झाल्कोनियमसारखं परिरक्षक नसलेले थेंब, दिवसातून चार वेळा. चारशेच्या घरात बाटली, त्यामुळे थेंब आता नेम धरून पडतो. रात्री झोपताना जेल. सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन कमी मात्रेत, पापण्यांची सूज उतरावी म्हणून. ते जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात जपायचं. याउप्पर नाही जमलं तर सायक्लोस्पोरीनचे थेंब आहेत, ते असर दाखवायला काही महिने घेतात आणि आधी झोंबतात, असंही त्यांनी सांगून ठेवलं. तिथवर वेळ आली नाही. बाकी सगळं शेकण्यावर.

शेकणं ऐकायला सोपं वाटतं. गरम पाण्यात रुमाल बुडवून डोळ्यांवर ठेवायचा, आठ-दहा मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं. रुमाल दोन मिनिटांत कोमट होतो आणि तिसऱ्या मिनिटाला गार. म्हणजे दहा मिनिटांत पाच वेळा उठायचं. पापणीच्या आतलं तेल सुटायला चाळीस अंशांच्या वर ऊब लागते आणि ती टिकावी लागते. पंचेचाळीसच्या पुढे गेलं तर पातळ कातडी भाजते. या पाच अंशांच्या गल्लीत बसणारं काहीतरी शोधण्यात माझा जानेवारी गेला.

उकडलेलं अंडं रुमालात गुंडाळून पाहिलं. आकार डोळ्याच्या खोबणीत अगदी बसतो, ऊबही राहते, पण एका वेळी एकच डोळा, आणि लेक ते अंडं नंतर खायला मागायचा. मग जुन्या सुती मोज्यात उकडे तांदूळ भरले. कढईत गरम केल्यावर घरभर पेजेचा वास. ऊब सहा मिनिटं. जवस आणलं, ते चांगलं होतं, पण मोज्यातून तेलकट डाग पडायला लागले. शेवटी सासूबाईंनीच डब्यातला कुळीथ काढून दिला. बारीक, गोल, जड. मंद आचेवर दोन-अडीच मिनिटं परतायचा, नाडीच्या पिशवीत ओतायचा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. आमच्या कढईत, आमच्या शेगडीवर, दहा मिनिटं धग धरतो. एकदा फोनवर बोलता बोलता जास्त परतला गेला आणि मनगटाची परीक्षा मी गाळली. दोन दिवस पापणी लाल. तेव्हापासून कुळीथ परतताना फोन नाही.

शेकून झालं की लगेच, ऊब आहे तोवर, बोटानं चोळायचं, वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे तेल कडेकडे सरकतं. हळू. मी सुरुवातीला कणीक मळल्यासारखं चोळत होते आणि अर्धा तास अंधुक दिसायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, बुबुळ दाबायचं नाहीये, पापणी निथळवायची आहे. मग उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून कडा पुसायच्या. विकत मिळणारे खास रुमालही असतात. परवडले तर वापरा, मी कापसावर भागवते.

पहिले तीन आठवडे काहीही फरक पडला नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण बहुतेकजणी दहाव्या दिवशी सोडून देतात, मीही देणार होते. चौथ्या आठवड्यात एका सकाळी डोळा उघडला आणि उघडल्यावर आठवलं की मी आज तो मिटून फिरवायला विसरले.

छापखान्यात दोन-तीन गोष्टी बदलल्या. माझ्या टेबलाच्या बरोबर वर एसी. त्याच्या नळीखाली आमचा पोऱ्या बादली ठेवतो, संध्याकाळपर्यंत ती भरते आणि तो ते पाणी दारातल्या तुळशीला घालतो. इतकी वर्षं रोज बघत होते. ते पाणी त्या खोलीच्या हवेतलं, हे कधी डोक्यात आलं नाही. बाहेर रस्त्यावर ओली हवा आणि आत, दार लावून, आम्ही तिला पिळून बादलीत काढत होतो. टेबल दोन हात सरकवलं. मान दुखते म्हणून मॉनिटरखाली कागदाची दोन रिमं घातली होती, ती काढली. नजर खाली असली की पापणी जास्त झाकते, उघडा डोळा कमी. मान पुन्हा कुरकुरायला लागली; मग एक रिम परत ठेवलं. दोघांनाही अर्धा अर्धा त्रास, असा तह झाला.

पापण्यांचा हिशेबही झाला. बोलताना माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो, पडद्यावर वाचताना एकदम कमी. शेजारच्या मुलीला म्हटलं, मी प्रुफ वाचते, तू मोज. एका मिनिटात चार. त्यातल्या दोन अर्ध्याच मिटल्या, असं तिचं म्हणणं. पापणी पूर्ण मिटली नाही तर तेल बाहेर कसं येणार? आता मी प्रत्येक परिच्छेदानंतर डोळे मिटते, दोन आकडे मोजते, जरा घट्ट मिटते, उघडते. मालकांना वाटतं मी डुलक्या काढते. काढू दे म्हणावं.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून येतात, कोरडे. त्या दिवसांत मी बसमध्ये खिडकी सोडते आणि कडेनं झाकलेला चष्मा घालते. तो भयंकर दिसतो. लेक म्हणतो, वेल्डर.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलबद्दल सगळे विचारतात. मावसबहिणीनं दुबईहून डबा आणला होता. डॉक्टरबाई हसल्या. २०१८ मध्ये अमेरिकेत पाचशेहून अधिक लोकांवर वर्षभर तपासणी झाली होती. काहींना रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३, काहींना नुसतं ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि सारखंच. डबा मी संपवला, फुकट कशाला घालवा. पण आठवड्यातून चार दिवस बांगडा खाणाऱ्या घरात माशाची कॅप्सूल गिळताना जरा लाजल्यासारखं झालं.

सहा आठवड्यांनी चाराचे सहा सेकंद झाले. गेल्या चवथीआधी आठ. दहा झालेले नाहीत, आणि होतीलच असं त्यांनी कबूल केलेलं नाही. थेंब दोनदा लागतात, जत्रेच्या दिवसांत चारदा. सेटिरिझिन सोडली, नाकाला सलाइनचा फवारा मारते, शिंका थोड्या येतात. पंखा पायांकडे फिरवला आहे. लग्नघरून उशिरा आलं, कंटाळा आला, शेकलं नाही, असं सलग तीन रात्री झालं की चौथ्या सकाळी ओरखडा हजर.

पोटली मात्र दुसरी शिवावी लागली. माझी बघून सासूबाई तीच गुडघ्याला लावायला लागल्या, वर बाम चोळून. आता त्यांची निळी, माझी पांढरी, दोन वेगळ्या खुंट्यांवर. तरी परवा रात्री वीज गेली होती, अंधारात मी हाताला आली ती डोळ्यांवर ठेवली. कापूर आणि निलगिरी. रायबंदरच्या बांधावर आल्या नव्हत्या अशा धारा लागल्या, आणि बाहेरच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, “आता काय झालं रडायला?”